शेवंतीची रात्र

नमस्कार काकू,

मी ४९ वर्षांची. चिंचवडला सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते, बँकेत नोकरी करते. माहेर वाईजवळच्या एका गावात. आईला जाऊन अडीच वर्षं झाली. आमच्या परड्यात आडापासून गोठ्यापर्यंत तिची पिवळी शेवंती असायची. घर बंद करताना, कार्तिकात, मी दोन गड्डे सिमेंटच्या पिशवीत घालून इकडे आणले. कळ्या घेऊनच आले होते, त्या वर्षी फुलले. त्यानंतर मागचा हिवाळा गेला, हाही चालला, एक कळी नाही. पानं मात्र तुकतुकीत. शेणखत घालते, रोज पाणी देते, दर पंधरा दिवसांनी शेंडे खुडते. आई खुडायची, एवढं आठवतं. बँकेतून आल्यावर रात्री बाल्कनीतला दिवा लावून अकरापर्यंत तिथेच वाचत बसते. आईजवळ बसल्यासारखं वाटतं.

खरं सांगू का, प्रश्न एकट्या शेवंतीचा नाही. बी राखेत घालून ठेवणं, केळीच्या सोपानं, म्हणजे खोडाच्या सालीच्या धाग्यानं, वेणी बांधणं, माती मुठीत धरून पाणी द्यायचं की नाही ते ठरवणं, आईला हे सगळं यायचं. मला काहीच येत नाही. मी मदतीला गेले की म्हणायची, "तू अभ्यास कर, हे मी बघते." आणि मी जायचे. मुलगी म्हणते, मार्केटमधून आण ना फुलं, एवढं काय त्यात. मावशी अजून गावात आहे, ७८ वर्षांची. तिला सगळं येतं. पण या वयात जाऊन काय विचारायचं, लाज वाटते. आईची शेवंती माझ्यावर रुसली आहे का? जुनी झाडं काढून नर्सरीतून नवी आणू का?

– एक लेक, चिंचवड

ताई,

शेवंती रुसलेली नाही. तिला दोन गोष्टी नडताहेत आणि दोन्ही तुमच्या मायेतून आलेल्या आहेत: बाल्कनीतला दिवा आणि तुमचं नख.

दिव्याचं आधी सांगते. शेवंती हे लहान दिवसाचं झाड. दिवस मोठे असतात तोवर ती नुसती पानं आणि फांद्या वाढवते. दिवस आखडायला लागले, रात्री लांबल्या, की शेंड्याशी नव्या पानाऐवजी कळी धरते. नाव दिवसाचं असलं तरी ती खरं मोजते रात्र. सलग, न तुटलेली रात्र. दिवसाच्या लांबीवर झाडाचं फुलणं ठरतं, हे अमेरिकेतल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये पहिल्यांदा नीट मांडलं. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती, उन्हाळाभर शेतात माणसापेक्षा उंच व्हायची पण फुलायची नाही. ते तिची झाडं दुपारीच अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवायला लागले आणि ती भर उन्हाळ्यात फुलली. पुढे १९३०च्या दशकात मिखाईल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञानं प्रयोग केले, ते तर शेवंतीवरच. कळी शेंड्याला धरत असली तरी रात्र किती मोठी झाली हे पानांना कळतं आणि पानं तो निरोप वर धाडतात, असं त्यानं दाखवलं.

आपल्याकडे पुण्याच्या बाजूला जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरातला लहानात लहान अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. शेवंतीला तेवढा पुरतो. आता तुमच्या बाल्कनीचा हिशेब करा. सकाळी सातला उजाडतं. सूर्य सहाला मावळतो, पण तुमचा दिवा अकराला मालवतो. म्हणजे तुमच्या शेवंतीच्या लेखी डिसेंबरातही दिवस सोळा तासांचा आहे. तिच्यासाठी अजून आषाढ सरलेलाच नाही, आणि आषाढात शेवंतीनं जे करायचं ते ती मनापासून करते आहे. पानं तुकतुकीत आहेत म्हणालात ना? ती आजारी नाही, उपाशी नाही. तिला फक्त रात्र झाल्याचं कळलेलं नाही.

पहिल्या वर्षी फुलली ती का, तेही यात आलं. तुम्ही गड्डे आणलेत कार्तिकात. तोवर गावच्या परड्यातल्या लांब काळोख्या रात्री त्या पानांनी मोजून झाल्या होत्या. कळ्या तिथल्या होत्या, तुमच्याकडे फक्त उमलल्या.

आता एक गोष्ट सांगते, ती या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेवंतीला अंधार लागतो हे तुमच्या आईला ठाऊक होतं का? बहुतेक नसावं. तिला ते ठाऊक असण्याची गरजच पडली नाही. परड्यात रात्री दिवा नव्हता. जेवणं झाली की मागचं दार लागायचं आणि तिकडे मिट्ट काळोख व्हायचा. तुमच्या आईचं निम्मं कसब तिच्या हातात होतं आणि निम्मं त्या परड्यात होतं. गोठ्यातलं कुजलेलं शेण दहा पावलांवर, आडाचं पाणी, पावसाचं पाणी साचू न देणारा उतार, रात्रीचा काळोख. तिनं मनावर घेऊन तुम्हाला शिकवायचं म्हटलं असतं तरी काळोखाचा धडा तिनं दिला नसता, कारण जे रोज आपोआप होतं ते माणसाला दिसत नाही. तेव्हा निदान एवढ्यापुरता तरी स्वतःला दोष देणं थांबवा. तुम्ही आईचं झाड आणलंत, आईची रात्र पिशवीत घालून आणता येत नव्हती.

ती आता इथे करावी लागेल. आणि अजून वेळ गेलेली नाही. आजपासून कुंड्या अशा जागी हलवा जिथे संध्याकाळनंतर कुठलाच उजेड पोचणार नाही. कपडे वाळवायची मागची बाल्कनी असेल तर उत्तम, पण तिथे सोसायटीचा किंवा रस्त्याचा दिवा येतो का ते रात्री स्वतः उभं राहून बघा. माझी साधी खूण अशी: रात्री कुंडीशेजारी वर्तमानपत्राची अक्षरं लागली, तर तो उजेड शेवंतीला जास्त आहे. जागाच नसेल तर संध्याकाळी सहाला फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा मोठा खोका कुंडीवर उपडा घालायचा आणि सकाळी सातला काढायचा. रोज. मध्ये एखाद्या रात्री अर्धा तास दिवा लागला तरी तिची मोजणी बिघडते, म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पौर्णिमेचं चांदणं मात्र चालतं, ते तिला बाधत नाही. दिवसा किमान पाच-सहा तास ऊन हवंच. असं केलंत तर तीन-चार आठवड्यांत शेंड्यांवर हिरव्या, मिरीएवढ्या कळ्या दिसायला लागतील आणि फुलं यायला माघ-फाल्गुन उजाडेल. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना यंदा नाही मिळणार, पण फुलतील. कळ्यांना पिवळा रंग दिसायला लागला की खोका बंद केला तरी चालेल.

तुमची रात्रीची बैठक मोडू नका. खुर्ची ठेवा, पुस्तक ठेवा, शेवंतीच्या जागी गुलाबाची कुंडी आणा. गुलाबाला रात्रीच्या दिव्याचं काही वाटत नाही, तो दिवसाची लांबी बघून फुलत नाही. उलट पॉइन्सेटिया किंवा कलांचो त्या बाल्कनीत असेल तर तेही शेवंतीबरोबर अंधारात न्या. पॉइन्सेटियाची ती वरची लाल पानंसुद्धा लांब रात्रींशिवाय लाल होत नाहीत. खूप जणी मला लिहितात की नर्सरीतून आणलं तेव्हा लाल होतं, पुढच्या वर्षी हिरवंच राहिलं. दहातल्या बहुतेक वेळा कारण हेच निघतं, दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवलेलं असतं.

आता नखाचं. "आई खुडायची, एवढं आठवतं," असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मी जरा वेळ थांबले. आई खुडायची हे तुम्ही पाहिलंत, ती कधी थांबायची ते पाहायचं राहून गेलं. आणि सगळं कसब त्या थांबण्यात आहे. शेंडा खुडला की बगलेतून दोन-तीन फांद्या फुटतात, झाड उंच न होता भरतं, आणि जितक्या फांद्या तितकी फुलं. म्हणून पावसाळ्यात खुडायचं. पण कळी धरते तीही शेंड्यालाच. त्यामुळे भाद्रपद-आश्विनातही तुम्ही दर पंधरवड्याला खुडत राहिलात तर कळीच खुडली जाते, दिसायच्याही आधी. आमच्याकडे, पुरंदरच्या बाजूला, माझ्या चुलतीचा दंडक होता: राखीपौर्णिमा झाली की शेवंतीला नख लावायचं नाही. कारण कधी सांगितलं नाही तिनं, आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे शेतीची पुस्तकं वाचताना लक्षात आलं की ऑगस्टनंतर खुडलं तर नव्या फांदीला वाढून कळी धरायला वेळच उरत नाही. चुलतीनं सण ही खूण धरली होती, कारण घरातल्या लहान पोरीलाही सण चुकत नाही.

शेणखतही सध्या थांबवा. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं रेंगाळतात.

नवी झाडं आणू का, या प्रश्नाला माझं उत्तर अगदी ठाम आहे. नका आणू. शेवंती आपण बियांपासून करत नाही, काश्यांपासून करतो. काश्या म्हणजे जुन्या झाडाच्या बुंध्याभोवती जमिनीतून वर येतात ते कोंब. बियांचं झाड आईबापांसारखं असतं, तेच नसतं. काशीचं तसं नाही. ती त्याच झाडाचा तुकडा असते. तुमच्या कुंडीत आज जे आहे ते तुमच्या आईनं लावलेलं झाडच आहे, आणि तिला ते तिच्या सासूनं किंवा शेजारणीनं दिलं असेल तर त्यांच्याही हातचं तेच. नर्सरीतली शेवंती देखणी असेल, ठेंगणी, गच्च फुललेली. पण तुमची टाकून दिलीत तर ती पुन्हा कुठूनही विकत मिळणार नाही.

म्हणून फुलं झाल्यावर काश्या काढायला शिका. हे मी चुलतीकडून पाहिलं तसं सांगते, कारण ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. फुलं वाळली की ती सगळे दांडे जमिनीपासून वीतभर ठेवून कोयत्यानं कापून टाकायची. पुढे महिनाभर फारसं काही करायची नाही, बेताचं पाणी. बुंध्याभोवती हिरवे कोंब दाटले की एका सकाळी खुरपं घेऊन बसायची. खुरपं गड्ड्याच्या जवळ खुपसायची नाही, चांगलं वीतभर लांब. चारी बाजूंनी सैल करून आख्खा गड्डा वर उचलायची आणि मांडीवरच्या गोणपाटावर दोन्ही हातांनी हलवायची. माती झडझडून खाली पडायची आणि आत सगळा गुंता दिसायचा. मधला जुना, लाकडासारखा झालेला बुंधा ती बघायचीही नाही, सरळ उकिरड्यावर. कडेच्या काश्या मात्र एकेक करून सोडवायची. प्रत्येक काशी उलटी करून मुळांकडे बघायची. पांढरी, दोऱ्यासारखी मुळं असतील ती ओल्या गोणपाटावर उजवीकडे. काळपट मुळांची, किंवा पोकळ, लांबुडक्या दांड्याची डावीकडे. मला वाटायचं उंच काशी चांगली. मी एकदा तशी उचलून दिली, तर तिनं काही न बोलता ती डावीकडे टाकली आणि एक बुटकी, पेन्सिलीएवढ्या जाडीची माझ्या तळहातावर ठेवली. बस्स, एवढाच धडा. साठ वर्षं होत आली, काशी निवडताना माझा हात अजून चुकत नाही.

तुम्हाला दोन गड्ड्यांतून आठ-दहा तरी चांगल्या काश्या मिळतील. सगळ्या ठेवायला जागा नसेल तर वाटा. उन्हाळाभर लहान पिशव्यांत अर्ध्या सावलीत जगवायच्या, पावसाच्या तोंडाला मोठ्या कुंडीत लावायच्या. आठ-दहा इंची कुंडी, निम्मी माती, उरलेल्यात जुनं शेणखत आणि वाळू. कुंडी विटांवर ठेवा. शेवंती उन्हानं मरत नाही तेवढी पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून मरते. झाड वीतभर झालं की पहिला शेंडा खुडायचा, महिन्यानं दुसऱ्यांदा, आणि मग राखीपौर्णिमा. थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, काळा, चिकटून बसलेला. आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन बघा, नाहीच गेला तर लिंबोळी अर्क.

पाणी रोज देता, ते मात्र सोडा. तुमच्याच पत्रात उत्तर आहे. आई माती मुठीत धरून बघायची असं लिहिलंत. ती वाफसा बघत होती. हा शब्द आपल्याकडे शेतकऱ्यांच्या तोंडी रोजचा आहे आणि शहरात जवळजवळ पुसला गेला आहे. माती ओली आहे पण चिखल नाही, मुळांना ओलही मिळते आणि हवाही, ती अवस्था म्हणजे वाफसा. कुंडीच्या कडेनं दोन बोटं खोल माती उकरून मुठीत दाबा. लाडू झाला आणि हाताला पाणी लागलं तर पाणी नको. लाडू झाला पण बोटानं टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आहे, आजचा दिवस थांबा. लाडूच होत नसेल तर पाणी द्या. हे वाचून कळत नाही, आठ दिवस रोज सकाळी मूठ दाबून बघा, मग कळायला लागतं. माझ्या मते बागकामातली ही एकच गोष्ट आली तरी निम्मी झाडं वाचतात. कुंडीत खुपसायची ओलावा मोजणारी यंत्रं हल्ली मिळतात. मी वापरून पाहिलं आहे. मूठ अधिक खरं सांगते, आणि मूठ कधी घरी विसरत नाही.

कोरांटीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण हिवाळ्यात हाताला यश लवकर मिळावं असं मला वाटतं. पावसाळ्यात कुणाकडून कोरांटीची एक फांदी आणा, कुंडीत खोचा. पिवळी काटेरी असते, पांढरी आणि जांभळीही मिळते. तिचे लाड लागत नाहीत. कार्तिकापासून पुढे फुलं देत राहते. गावोगावी कुंपणाला होती. कुंपणं सिमेंटची झाली तशी गेली. देवाला वाहायला आणि शेवंतीबरोबर वेणीत घालायला तिच्यासारखं फूल नाही.

आता तुमच्या दुसऱ्या, खऱ्या प्रश्नाकडे येते.

"तू अभ्यास कर, हे मी बघते." ताई, तुमच्या पिढीतल्या कितीतरी मुलींच्या आया हेच म्हणाल्या. ते वाक्य घाईत किंवा सहज आलेलं नव्हतं. खुरप्यानं हात फाटलेल्या बाईनं आपल्या लेकीच्या हातात पुस्तक राहावं म्हणून केलेली ती निवड होती. तुमची बँकेतली नोकरी हे तिचंच पीक आहे. तिनं तुम्हाला वेणी शिकवली नाही कारण तिला तुम्हाला दुसरं काही द्यायचं होतं, आणि ते तिनं दिलं. तुम्ही उठून अभ्यासाला गेलात त्यात अपराध कसला? तिला तेच हवं होतं.

म्हणून जे जे गेलं त्या सगळ्यासाठी हळहळू नका. पहाटे उठून जात्यावर दळणं गेलं, ते जायलाच हवं होतं. त्यात बायकांच्या कमरा गेल्या. दर आठवड्याला अख्खं घर शेणानं सारवणं गेलं, मला त्याचं दुःख नाही. जुनं म्हणून सगळं जपायचं ठरवलं तर ते पुन्हा कुणातरी बाईच्याच अंगावर येतं. पण शेवंती, बी, वेणी, मूठभर माती यांचं तसं नाही. यात तुमची आई रमायची, हे तुमच्या पत्रातून दिसतं. तुमचं मन त्यांच्याकडे ओढ घेतं आहे. जे मनाला ओढतं तेवढंच उचला.

आणि ते उचलायची जागा तुम्हाला माहीत आहे. मावशी.

लाज वाटते म्हणता. ७८ वर्षांच्या बाईकडे भाची काहीतरी शिकायला आली, तर तिला काय वाटेल याचा विचार करून बघा. तिच्या घरी येणारे लोक तिची औषधं विचारतात, गुडघे विचारतात, जमिनीचे कागद विचारतात. तिला येतं काय, हे गेल्या दहा वर्षांत कुणी विचारलं असेल का?

पण विचारायला जाऊ नका. हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. मी एका आजींकडे वही-पेन घेऊन गेले होते, वेणी कशी बांधायची ते लिहून घ्यायला. त्या संकोचल्या. "त्यात काय सांगायचं, बांधायची," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या वेळी मी फुलं आणि सोप घेऊन गेले, त्यांच्या शेजारी ओसरीवर बसले आणि स्वतःच बांधायला लागले. माझी गाठ सुटत होती, फुलं एका बाजूला लोंबत होती. दोन मिनिटं त्यांनी बघितलं. मग त्यांचा हात आपोआप पुढे आला. सोप माझ्या हातातून घेतला, पाण्याच्या वाटीत बुडवला, दाताखाली धरून उभा फाडला, अगदी बारीक. एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं. दोन फुलं या बाजूला, दोन त्या बाजूला, देठांवरून वेढा, वेढ्यातून टोक, आणि ओढ. ओढताना त्या अंगठा किंचित पुढे रेटत होत्या, गाठ त्यानं आवळत होती. हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं आणि मला सांगताना त्यांना आठवलं नव्हतं, कारण ते त्यांच्या पायाला माहीत होतं. सोप ओला का, तर कोरड्या दोऱ्यानं देठ कापले जातात, ओला पट्टीसारखा सोप देठाला धरून ठेवतो. तेही मी नंतर बांधून बांधूनच समजले.

तेव्हा फुलं झाल्यावर, काश्या निघण्याच्या दिवसांत, रविवार धरून दोन दिवस काढा. दोन्हीपैकी एक गड्डा पिशवीत घालून मावशीकडे न्या. अंगणात तिच्यासमोर बसा आणि खुरपं स्वतःच्या हातात घ्या. चुका. मुद्दाम चुकायची गरज नाही, चुकालच. ती खुरपं हिसकावून घेईल. मग गप्प बसून बघा. मोबाइल पहिल्या दिवशी बाहेर काढू नका. कॅमेरा समोर आला की जुनी माणसं करायचं सोडून सांगायला लागतात. दुसऱ्या दिवशी, तुमच्या हाताला थोडं आल्यावर, तिच्या बोटांचं चित्रण जरूर करा. तोंडाचं नको, बोटांचं करा. राखेत बी कसं ठेवते, तेही बघून घ्या. चुलीची राख नसेल तर ती काय वापरते ते बघा. या बायका काळाप्रमाणे बदलतात, आपल्यालाच वाटतं त्या थिजून बसल्या आहेत.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला ठाऊक असतील. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावठी बियाणं जपलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट साधी आहे. बी डब्यात कोंडून ठेवलं तर काही वर्षांत मरतं, ते पेरत राहावं लागतं, आणि दुसऱ्याला देत राहावं लागतं. मावशीच्या हातातलं कसबही त्याच जातीचं आहे. तुमच्या मोबाइलमधल्या चित्रणात ते टिकणार नाही, पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा बसलात तर टिकेल.

मुलीवर रागावू नका. मार्केट यार्डात येणारी शेवंतीही कुणीतरी कष्टानं आणि अकलेनं पिकवलेली असते. पॉलिहाऊसमध्ये शेवंती पिकवणारे शेतकरी तर रात्री दिवे लावून तिची कळी लांबवतात आणि काळा कपडा ओढून ती लवकर आणतात, हव्या त्या तारखेला फुलं काढतात. तुमच्या बाल्कनीत नकळत जे झालं तेच ते जाणून करतात. हे तिला सांगा. ती आजच्या काळातली मुलगी आहे, आजीच्या आठवणीनं वळणार नाही कदाचित, पण झाडाला रात्र मोजता येते हे ऐकून खोका उपडा घालायला येईल. संध्याकाळी सहाला तुम्ही बँकेतून पोचलेल्या नसताच, तेव्हा ते काम तिलाच द्या. शिकवायचं म्हणून देऊ नका, तुम्हाला गरज आहे म्हणून द्या. खोका कुंडीवर ठेवताना एखादा शेंडा मोडेल, मोडू दे. कळी पहिल्यांदा तिलाच दिसेल बहुतेक, सकाळी खोका उचलताना.

फुलं आली की चार फुलं देठासकट ओल्या फडक्यात गुंडाळून मावशीकडे न्या. आईच्या शेवंतीला परड्यात काय नावानं हाक मारायचे, ते तिला विचारा. तुम्ही पत्रात नुसतं "पिवळी" लिहिलं आहे. तिचं नाव असणार.